दोन ई

दोंडाईच्यात, पुतण्याच्या मेडिकलबाहेरच्या बाकावर
मी बसतो दहा ते एक.
लोक रिपोर्ट घेऊन येतात.
छत्तीस वर्षांची इंग्रजी आता एवढ्यापुरती चालते.

आज लोटन आला. सातवी ब, शेवटचा बाक.
वीक, वीकर, वीकेस्ट
याला काही केल्या पाठ होत नव्हतं
आणि मी पट्टी आडवी नाही, उभी मारायचो.
मग तो मिरचीच्या बाजारात गेला, हमालीला.
दोन पोती एकदम पाठीवर,
शिंकत शिंकत हसायचा.

"सर, काय लिखेल शे?"

कागद धरला. मधोमध धूर.
माझ्या डोळ्यांच्या फायलीतही एक लांबलचक शब्द आहे,
त्याचं स्पेलिंग मला तोंडपाठ,
फक्त दिसत नाही.
म्हटलं, तूच वाच. एकेक अक्षर.

बोट ठेवून तो सांगत गेला,
डब्ल्यू, ए, एस, टी...
पुढचं ऐकायची गरज नव्हती.
वेस्ट म्हणजे वाया. मीच लिहिलं होतं फळ्यावर.
त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला,
जिथे पोत्याचा हूक बसायचा
तिथे अंगठ्याच्या बुडाशी खळगा.

हात वाया, असं कुणाला सांगतात का?

फीबल, फ्रेल, डिक्लाइन, डिके,
मी यांना वर्गात समानार्थी म्हणायचो,
कवायतीसारखे एका ओळीत उभे करायचो.
समान कुठले!
दोर झिजतो, कापड विरतं,
विळा बोथटतो, त्याला धार लावता येते.
दूध नासतं, त्याला काहीच लावता येत नाही.
दोन वर्षांच्या मिरचीचा रंग उतरतो,
जिभेला मात्र ती अजून ओळखू येते.

म्हटलं, "हात उतरलाय तुझा."
"हा," तो म्हणाला, "मी बी घरमा तेच म्हनस."

खाली एक ओळ राहिली होती.
रिव्ह्यू. आफ्टर. वन.
"डब्ल्यू, ई..." तो अडला.
माझी पाठ उगाच ताठ झाली.
"नीट बघ. दोन ई, की ई-ए?"
त्यानं कागद उन्हात धरला. वेळ घेतला.
"दोन ई, सर. मंग के."
"बरोबर. मग आठवडा. पुढच्या सोमवारी जा."

डाव्या हातानं तो घडी घालू लागला,
एक कोपरा दातांत धरून.
दुसरा कोपरा
मी चाचपत धरला.