उष्टा वारा

लेडव्हिलला, दहा हजार फुटांवर,
पाणी लवकर उकळतं, बीन्स मात्र दिवसभर शिजत नाहीत,
आणि इंजिनाच्या दर दहा घोड्यांतले तीन
कुठल्या कुंपणावरून पळतात, कळत नाही.

बापाचा इलाज ठरलेला: सुपरचार्जर.
क्रँकच्या पट्ट्यावर फिरणारा,
पाय ठेवताक्षणी किंचाळणारा.
पदरचे घोडे खर्चून जास्तीचे आणायचे.
रोख व्यवहार.
टर्बोचं नाव काढलं की नाक मुरडायचा:
"उष्ट्या वाऱ्यावर जगतो तो."

कितीदा सांगितलं,
उष्टा वारा आत जातच नाही, बाबा रे,
जाता जाता एक चक्र फिरवून देतो फक्त;
त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र
ताजी हवा दाबून दाबून भरतं.
निघालेल्यानं केलेलं शेवटचं काम, एवढंच.
ऐकेल तर व्हर्लिन टॅकेट कसला.
बत्तीस वर्षं खाणीत, दगडाची धूळ खात.

आता नाकात नळी.
पलंगापाशी हवा गाळणारं यंत्र रात्रभर घुरघुरतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाली न्या यांना, सपाटीला.
खाली जायचं तर आधी वर चढायचं:
फ्रीमाँट खिंड, अकरा हजार तीनशे.

ऑक्टोबर. मागे ट्रेलर,
त्यात पलंग, दोन बंदुका, आईचं शिवणयंत्र,
आणि जुन्या ट्रकमधून काढलेला सुपरचार्जर, ब्लँकेटात गुंडाळून.
("तो येत नसेल तर मीही नाही.")

चढ लागला. मी पाय दाबला.
काहीच नाही.
बापानं माझ्याकडे पाहिलं.
एक.
दीड.
मग पाठीवर सीट आदळली,
बारीक शीळ उठली बॉनेटखालून,
आणि ट्रेलर मागे आहे हे विसरून ट्रक वर सुटला.

"उशिरा येतो," तो म्हणाला.
बऱ्याच वेळानं, खाणीचं फाटक मागे पडल्यावर,
"पण येतो."

माथ्यावर गाडी कडेला घेतली.
किल्लीकडे हात गेला, तर त्यानं मनगट धरलं:
"लगेच बंद नको करू. तापलाय.
तेल जळेल आतलं. मिनिटभर धापू दे त्याला."

म्हणजे वाचलं होतं यानं. कधीतरी, माझ्या चोरून.

पुढे उतारच होता सगळा.
आम्ही बसून राहिलो.
सिलिंडरचा काटा मी पाहिला, त्यानं टेम्परेचरचा.