साडेदहा ते बारा

रुवीत, एक्स्चेंजच्या पोटमाळ्यावर,
एका टेबलावर तीन यंत्रं बसवली आहेत मी.
एका वर्गातली तीन मुलं,
प्रश्नपत्रिका एकच, पाट्या तीन.

विंडोज दर परीक्षेला मध्येच पाणी प्यायला जातो,
म्हणतो, अपडेट होतोय, बंद करू नका.
लिनक्सला तोंड नाही, पडदा नाही,
काळ्या डब्यातून नुसतं हं म्हणतो आणि पास होतो.
मॅक निरंजन ढवळेचा. तो कॅनडाला गेला,
यंत्र इथेच राहिलं,
झाकणावर कुठल्याशा किल्ल्याचं स्टिकर.

चारशे बारा घटक चाचण्या.
(शाळेत या शब्दाने पोटात गोळा यायचा,
आता त्याचाच पगार मिळतो.)
रात्री नवाला बटण दाबते
आणि खोटी माणसं रांगेला लागतात:
वय वर्षं शून्य, वय वर्षं एकशे नव्वद,
एक बिननावाचा, एकाचं नाव साडेतीनशे अक्षरांचं,
एकजण तर उणे पाच रियाल पाठवायला आलेला.
कुणाला घर नाही, कुणी भाव विचारत नाही.
सगळे हिरवे.

फक्त दोनशे सतरावी.
ती मॅकवर लाल होते. रोज नाही.
म्हणजे रोजच, पण मी रात्री थांबले तर.
सकाळी खलफान येतो, कुम्मा सारखा करतो,
चालवून दाखवतो:
"शारूशीला, बघ, हिरवी आहे. झोपत जा."
त्याला च म्हणता येत नाही,
मला ही चाचणी कळत नाही. फिट्टंफाट.

अकरा रात्री वेळा लिहून काढल्या
लॉन्ड्रीच्या पावतीमागे.
दहा एकतीसला नापास. अकरा दहाला नापास.
अकरा एकोणसाठला नापास.
बारा वाजून एक मिनिटाने
शहाण्यासारखी पास.

अपेक्षित तारीख: दहा.
मिळालेली: अकरा.

निरंजनने घड्याळ बदललंच नव्हतं.
तीन वर्षं मस्कतमध्ये राहून
यंत्र कोथरूडच्या वेळेवर.
इथे साडेदहा वाजले की त्याच्या पोटात
उद्या सुरू होई.

खलफान म्हणाला, एवढंच ना? घड्याळ बदल.
तीन क्लिक. हात माउसवर होताच.

आणि मला दाऊद परकार आठवले.
पगाराची रात्र, खालचं शटर अर्धं ओढलेलं,
बाहेर करक चहाचे कागदी कप,
मागचा काळा डोंगर दिवसभराची धग अजून सोडत असलेला.
अकराला दहा कमी असताना त्यांनी पैसे भरले,
पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे,
शेवटची तारीख दहा.
पावतीवर दहा. खेडच्या कॉलेजात अकरा.
आठवड्याने जिना चढून वर आले,
तारखेवर बोट ठेवून म्हणाले,
"दहालाच दिले ना मी, मॅडम?"
मी म्हटलं होतं, सर्व्हर डाउन असेल.
असेल.
आमच्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त शब्द.

म्हणजे नापास ती नव्हती.
बाकीच्या चारशे अकरा माना डोलवत होत्या
आणि ही एकटी, रोज दीड तास,
बाकावर उभी राहून सांगत होती
की बाई, तिकडे तारीख उलटली.

(माझा मुलगा बार्शीला असतो, बहिणीकडे.
दोन वर्षं मी त्याला वाढदिवसाला
बरोब्बर बाराला फोन करते. माझ्या बाराला.
तो झोपेतच हो हो म्हणतो.)

घड्याळ तसंच ठेवलंय.
वर चिकटपट्टी: हात लावू नये. खलफान, हे तुलाच.
पावतीवर आता दोन तारखा येतील,
इथली आणि पोचायची,
तीन यंत्रांवर तीन रात्री चालवून पाहिल्या.
खोट्यांच्या रांगेत एक नवा घातला:
नाव दाऊद, रक्कम एकशे दहा रियाल,
वेळ दहा पन्नास.

खऱ्याचा नंबर माझ्याकडे नाही.
खाली विचारलं. कॅम्प बदलला म्हणाले,
सोहारकडे कुठेतरी.

दहा एकोणपन्नास.
विंडोज म्हणतो, अपडेट होतोय.