लोंबकळ्यांची बोली

आमचं गाव जॉर्जियात, दरीच्या तळाला.
खाण वर, कड्यावर.
मधे एक तार, तारेला पत्र्याचा डबा,
आणि डब्यात एकोणीस वर्षं मी, शोरेना.
दार लावणारी, घंटी वाजवणारी,
वीज गेली की शिव्या खाणारी.

वीज जायचीच.
अधांतरी बसून माणसं करणार काय?
शब्द करायची.

पहिला गुरामवरून पडला.
डबा थांबला की तो खिडकीशी जाई,
नदीकडे बघत म्हणे, "वा! काय देखावा!"
आणि गुडघे लटलट.
तेव्हापासून 'गुरामणे',
म्हणजे आतून तंतरलेली असताना
बाहेरून रसिक दिसणे.
(वाक्यात उपयोग : लग्नात नवरदेव छान गुरामला.)

'त्सुपा' म्हणजे अडकलोच तर असू दे म्हणून
खिशात ठेवलेला पावाचा तुकडा.
दिसला की तो सगळ्यांचा.
म्हणून शहाणी माणसं अंधारात चावतात
आणि चावल्याचा आवाज लपवायला खोकतात.
त्सुपखोकल्यावर औषध नाही,
असं आमचे डॉक्टरही म्हणतात. खोकत खोकत.

'ओतार' हे वेळेचं माप.
ओतार मेकॅनिक खालून ओरडायचा, "पाचच मिनिटं!"
घड्याळात ती चाळीस भरत.
एकदा अडीच ओतारांत
लामारानं अख्खा पायमोजा विणला. डावा.
उजवा राहिलाच.
पुढं वीज सुधारली ना.

खाणीतल्या साहेबासाठी एक शब्द होता,
तो इथं सांगत नाही.
त्याची बायको वाचते.

आणि 'समोरा'.
वर जाणारा डबा आणि खाली येणारा
बरोब्बर मधोमध एकमेकांना ओलांडतात.
पलीकडच्या खिडकीतला तो समोरा.
माझा समोरा वाझा.
दिवसातून चाळीस वेळा भेटायचो,
दर खेपेला तीन सेकंद.
त्याची पाळी संपायची वर, माझी खाली.
तो वरचा, मी खालची,
आणि शेवटचा डबा गेला की मधे नुसती तार.

एका जानेवारीत वीज नेमकी मधोमध गेली.
ओतार झाला, दीड ओतार झाला.
त्यानं काचेवर वाफ धरली, बोटानं काही लिहिलं.
मला ते उलटं दिसत होतं.
अक्षरं सुलटी करतेय तोवर
दिवे लागले, हिसका बसला, खिडकी गेली.
हाती लागलं तेवढंच : 'ल्योमि'.
आमच्या भाषेत असा शब्द नाही.
विचारलं नाही. तीन सेकंदांत काय विचारणार?
मग तो बंदरावर कामाला गेला.

आता नवे डबे आलेत, काचेचे, गुळगुळीत.
ते थांबत नाहीत, त्यामुळे कुणी बोलतही नाही.
मागच्या वर्षी शहरातून एक मुलगी आली,
वही घेऊन, चष्मा सावरत.
म्हणाली, तुमचे शब्द मरायच्या आत लिहून घेते.
मी सांगत गेले, ती हसत गेली.
बोलता बोलता 'ल्योमि' तोंडातून निसटला.
"याचा अर्थ?"
मी छान गुरामले.
म्हटलं, "काही नाही गं,
डब्याच्या दाराची कडी."
तिनं लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली.

परवा बाजाराला वर जात होते.
डब्यावरचा नवा पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
माझ्यावरच खेकसला :
"आजी, ल्योमि नीट लावा!"

लावली.