घर क्रमांक २३६७२

रज्जबचाचांनी मस्कतहून आणलेला
रबरी बटणांचा काँप्युटर
मिरकरवाड्यात आज पुन्हा जागा झाला.
खाऱ्या हवेने हिरवे पडलेले पाय
मी खोडरबराने घासले, एवढंच.

जुन्या टीव्हीवर मेमरीचे आकडे.
बहुतेक घरं गप्प,
ओहोटीच्या चिखलासारखी.
बटण दाबलं की दोन-तीन दचकतात,
कुर्ली बिळात शिरावी तशी.

एकच घर
कुणी न शिवता पळतंय,
सेकंदाला पन्नास.
दोनशे पंचावन्नला पोचलं की शून्य,
आणि शेजारचं एकाने वाढतं.

"कधीपासनं मोजतोय हा?"
वीज दिली तेव्हापासून, चाचा.
"आणि तेच्या आधीचं?"
ते नाही ठेवत तो.

चाचा बघत राहिले.
जेवायला उठताना म्हणाले,
"राहू दे चालू.
बटण मी बंद करीन."