उजवी बाजू

बोर्ड चार बाय सहाचा. पत्रा नवा, प्रायमर मारलेला.
पाथर्डी फाट्याच्या पुढे, पाटाच्या कडेला
सातव्या मजल्यावर पोचलेली इमारत.
खैरनार सुपरवायझरने कागद हातात दिला,
म्हणाला, गुरुवारी साहेब येतायत तपासणीला,
त्याआधी वाळला पाहिजे.

फ्लेक्सवाल्यांनी माझा धंदा कधीच गिळला.
पण इथल्या वाऱ्याने यांचा फ्लेक्स तीनदा फाडला,
तेव्हा माझी आठवण झाली.
भाव अक्षरावर ठरला.

कागदावर दोन रकाने.
डावीकडे कामगारांची कर्तव्ये, सात.
उजवीकडे मालकाची कर्तव्ये, अकरा.

डावीकडून सुरू केलं.
डोक्यावर हेल्मेट घालावे.
उंचीवर पट्टा बांधल्याशिवाय काम करू नये.
नशा करून कामावर येऊ नये.
‘नये’ लिहिताना हात आपोआप धावतो,
चाळीस वर्षं तेच लिहीत आलोय नाशिकभर:
थुंकू नये, गाडी लावू नये, फुले तोडू नयेत.

हेल्मेटं पाहिली मी. गोडाऊनला कुलूप,
खिडकीतून दिसतात, प्लास्टिकच्या पिशव्यांत,
आहेरात आलेल्या भांड्यांसारखी.
पाचव्या मजल्याला जाळी लावलेली.
जवळ जाऊन बघितली तर द्राक्षबागेची,
पिंपळगावकडून किलोवर आणलेली.
पाखरांनी मणी टोचू नयेत म्हणून असते ती.
बुलबुल अडकतो तिच्यात.
फार तर साळुंकी.

दुपारी मोतीराम भोये येऊन बसला, सुरगाण्याचा.
भाकर मांडीवर तशीच,
बोटाने एकेक अक्षर वाचायला लागला.
ओलं आहे, म्हटलं, लावू नको बोट.
त्याने बोट हवेत धरलं आणि शेवटपर्यंत वाचलं.
मग म्हणाला, हे तर सगळं आमचंच.
तिकडं काय येणार?

खैरनारला विचारलं.
तिकडे कंपनीचं चिन्ह काढ, म्हणाला, उगवता सूर्य, मोठा.
अकरा कलमांना जागा कुठंय?

जागा होती.
मी पट्टीने मोजली होती.

भद्रकालीतले इस्माईलभाई आठवले, माझे उस्ताद.
मी पंधरा वर्षांचा,
थेटरवरच्या बोर्डातल्या नायिकेचा डावा डोळा माझ्याकडे,
चाळीस फुटांवर, बांबूच्या पराचीवर.
कमरेचा दोर ते स्वतः बांधायचे.
गाठीला दोन हिसके द्यायचे,
मगच बिडी पेटवायचे.
कायदा त्यांना ठाऊक नव्हता. वाचताही येत नव्हतं धड,
अक्षरांची चित्रं काढायचे ते.
एकदा मी चिडलो, म्हटलं, मला येते गाठ बांधता.
म्हणाले, येते रे तुला.
पण चढवतोय मी.

बुधवारी संध्याकाळी उजवीकडे मथळा लिहिला:
मालकाची कर्तव्ये.
लाल रंगात, डावीकडच्यापेक्षा दोन बोटं मोठा.
खाली आकडे, एक ते अकरा,
प्रत्येक आकड्यापुढे टिंब.
टिंबापुढे कोरा पत्रा.

खैरनार बराच वेळ बघत राहिला.
हे काय, म्हणाला. सूर्य कुठंय? कागद कुठंय तो?
कागद भोयेने नेला होता,
भाकर गुंडाळायला हवा म्हणाला.
भाकर त्याच्या फडक्यातच होती, ते मी बघितलं होतं.
आता पुसायचं तर थिनर लागेल, म्हटलं,
पुन्हा प्रायमर, दोन दिवस वाळायला.
तो काही बोलला नाही. घड्याळ बघितलं, मग सातवा मजला.
मी ब्रश धुतले.
आकड्यांचे पैसे लावले नाहीत.

निघताना गाडीवरून मागे वळून बघितलं.
वाऱ्याने जाळी फुगली होती
आणि तिच्यात खरंच काहीतरी फडफडत होतं.
पाचव्या मजल्याच्या कडेला, जिथे कठडा अजून व्हायचाय,
कुणीतरी गुडघ्यांवर बसून, हात लांब करून
ते सोडवत होतं.
एवढ्या लांबून चेहरा कळला नाही.
पट्टा नव्हता, ते कळलं.