बगळ्यांचा फॉर्म

पहाटे साडेपाच. भाऊचा धक्का.
एका कानात क्रशरची घरघर,
दुसऱ्यात इअरफोनचं एकुलतं एक चालू बोंड.
मी हरायला तयार होऊन बसतो.

तिकडे अजून कालची संध्याकाळ असते.
म्हणजे पोर्ट ऑल्डनचे बगळे
कालच्या तारखेत हरतात,
जागरण मात्र माझ्या आजच्या खात्यात.
नाव हेरन्स. बगळे मी म्हणतो,
कारण हल्ली ते एका पायावर उभे राहून
समोरून मासा जाताना बघतात.

जर्सी लवेशनं आणली. माझा भाचा, जहाजावर वायपर.
तिथल्या बंदरात तीन दिवस नांगर टाकला होता,
सेलमध्ये मिळाली. एकतीस नंबर, पाठीवर सुंडे.
पोशाबाय म्हणाली, सुंडे? घाटावरचा हाय का रं?
म्हटलं, गोली आहे त्यांचा. चौतीस वर्षांचा,
डाव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं.
म्हणाली, मग सस्तात मिलनारच.

शेवटचं जिंकून नऊ सामने झाले.
समोरचा एक बाहेर बसलेला, आपण पाच, ते चार,
आणि रबरी चकती इथून तिथे, तिथून इथे,
लिलावात बोली न लागलेल्या ढोमीच्या पाटीसारखी.
मारा की रे कुणीतरी गोलवर!
दुसऱ्या फळीतला डावा विंगर
पहिल्या सत्रात लादी,
दुसऱ्यात चुरा,
तिसऱ्यात पाणी.

बर्फाचं मला विचारा.
सव्वीस वर्षं आकडा चालवला.
दीडशे किलोची लादी ढकलायची नसते,
तिला कुठं जायचंय ते ओळखून
पुढचं फक्त रिकामं करायचं.
हे त्या कोचला कोण सांगणार?
तो च्युइंगम चावतो आणि फळ्यावर बाण काढतो.
खांदा उतरल्यापासून मीही फाटकावर,
लाद्या मोजायला. पण नजर गेलेली नाही.

मुनाफ म्हणतो, काका, टीम बदला.
जिंकणाऱ्या टीमला पण डेटा तेवढाच लागतो.
हिशेबानं बरोबर आहे त्याचं.
मी त्याला चहा आणायला पाठवला.

तोवर चौथा गेला.
सुंडेच्या दोन पायांमधून, सावकाश,
ओल्या मोरीतल्या साबणासारखा.
कोचनं मान हलवली.
सुंडे निघाला. मुखवटा डोक्यावर सरकवून
बाकाच्या टोकाला, दाराशी जाऊन बसला.
आत गेला वीस वर्षांचा पोरगा,
पॅडवर अजून एक डाग नाही.

कॅमेरा पोरावर. मी कोपऱ्यात बघत होतो.
दमलेला खेळाडू बाकाकडे येतो,
त्याला दार उघडून द्यायचं, हे आता सुंडेचं काम.
आणि तो अर्धा सेकंद आधी उघडत होता.
दर वेळी. कुणालाच वेग कमी करावा लागला नाही.
अख्ख्या संघात त्या दिवशी
तेवढी एकच गोष्ट वेळेवर चालली होती,
आणि ती आकडेवारीत कुठंच येत नाही.

मुनाफ चहा घेऊन आला. किती झाले?
सहा-एक.
म्हणजे एक मारला आपण!
मारला कसला. कुणाच्या तरी स्केटला लागून गेला.
चालतो, म्हणाला. मच्छीपण अशीच लागते कधी कधी.

टेम्पो वळणावर दिसला.
हॉर्न वाजायच्या आत मी उठलो होतो.

गुरुवारी पुन्हा, साडेपाचलाच.
समोरचा संघ तक्त्यात खालून दुसरा,
म्हणजे आमच्याहून वर.
सुंडे खेळला तर चार-दोननं हरू.
नाही खेळला
तर मी दाराकडे बघीन.