उभी गाडी

बिअरचे सहा डबे होते, गाडी नव्हती.
शाळेच्या मैदानामागे, गवतात, आम्ही तिघं
पायी गेलो होतो, पायीच सापडलो.
तरी न्यायाधीश हाव्लिकबाईंनी,
ज्यांच्या दारातला बर्फ दोन हिवाळे मी उपसलाय,
चष्म्यावरून बघत विचारलं, वय?
सोळा.
मग लिहिलं: अठरा पूर्ण होईपर्यंत लायसन बंद.
ते मी टेबलावर ठेवलं
तेव्हा त्यातला मी हसत होतो.

परतताना आईनं गाडी चालवली.
एकोणतीस मैल, एक शब्द नाही.
फक्त फाट्यावर, जिथं कधीच कोणी नसतं,
ती जरा जास्त वेळ थांबली.

नेब्रास्कात आमच्या बाजूला बस नाही.
म्हणजे आहे, पिवळी, सकाळची;
तिच्यात सातवीतली पोरं
आणि सगळ्यात मागे गुडघे दुमडून मी.
मार्लीसकडे एकदा सायकलनं गेलो, चौदा मैल, उलटा वारा.
तिची आई म्हणाली, पाणी पी,
आणि अंधार पडायच्या आत नीघ.

आजोबांचं लायसन माझ्याआधी वर्षभर गेलेलं.
त्यांनी काही केलं नव्हतं, डोळ्यांनी केलं.
मधोमध डाग, कडेकडेनं दिसतं.
"कोंबडीसारखं," म्हणायचे, आणि मान तिरकी करून दाखवायचे.
दर गुरुवारी मी त्यांना न्यायचो:
न्हावी, पत्त्यांचा डाव, आजीचं थडगं.
कोर्टाच्या कागदावर हे पत्ते नव्हते.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात;
ते ओलं त्या गुरुवारी पायरीवर बसलं होतं,
टोपी घालून, तयार.
आई कारखान्यातून रात्रपाळी करून आली की झोपायची.
तिला उठवायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक.

पिकअप अंगणात. उभी ठेवली की बॅटरी बसते,
म्हणून रविवारी सुरू करायची. हलवायची नाही, आईची ताकीद.
पहिल्याच रविवारी शेजारचं दार उघडलं.
आजोबा चढले, पट्टा लावला.
"चल."
"कुठं?"
"सरळ. फाट्यावर डावीकडे."

आता झेलेनीची पवनचक्की. पुढं खड्डा, हळू.
मी उभ्या गाडीचा ब्रेक दाबला.
उजव्या हाताला क्रीमरी, वास येतोय ना?
येतोय, म्हटलं.
क्रीमरी पाडली तेव्हा माझी आई शाळेत होती.
आता लाकडी पूल, ऐक.
इंजिन खडखडत होतं, तेवढं पुरलं.
थडग्यापाशी ते किल्ली फिरवायला लावत,
आणि मग आम्ही दोघं बसून राहायचो,
समोर कपडे वाळत घालायची तार,
तिच्यावर आईचे पांढरे कोट, कितीही धुतले तरी गुलाबीसर.

असे किती रविवार, मोजले नाहीत.
एका जानेवारीत गाडी सुरूच झाली नाही,
तरी गेलो.

अठरा झालो. काउंटरवरच्या बाईनं नवा फोटो काढला.
हस की, म्हणाली.

त्या गुरुवारी खरोखर फाट्यावरून डावीकडे वळलो.
पवनचक्कीच्या जागी सिमेंटचा एक ठोकळा.
खड्डा कधीच बुजलेला, तरी माझा पाय ब्रेकवर गेला.
मग दोन्हीकडे नुसतं सोयाबीन,
मग पूल, नवा, गुळगुळीत, कसलाही आवाज न होता संपला.
आजोबांनी मान तिरकी केली.
"रस्ता चुकलास तू."
हो, म्हटलं,
आणि तसाच पुढे नेत राहिलो, सरळ,
आजी आहे तिथपर्यंत.